उपकारस्तुती आधी, अर्पण नंतर : घरातले देणे ठरवण्याची क्रमवार रीत

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) जमा झालेल्या अर्पणाची मोजणी करणाऱ्यांमध्ये मी काही वर्षे होतो. त्या टेबलावर बसणाऱ्याला देणाऱ्याच्या मनातले कळत नाही, पण त्याची घाई मात्र कळते. गीत सुरू झाल्यावर खिशातून काढून पाकिटात कोंबलेल्या नोटेला चार घड्या पडलेल्या असतात, पाकिटावरचा आकडा खोडून शेजारी दुसरा लिहिलेला असतो, आणि ‘कशाबद्दल उपकारस्तुती’ या छापील शब्दांपुढची जागा बहुधा कोरी असते.

बहुतेक घरांत किती द्यायचे हे शेवटच्या क्षणी ठरते आणि आभार कशाचे हे सवड मिळाली तर नंतर आठवते. क्रम असा उलटा पडला की देणे एकतर कर होऊन बसते, नाहीतर सौदा. बायबलमध्ये, येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व ९ या अध्यायांत यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी करायच्या वर्गणीचा विषय आहे, आणि तेथे मूळ ग्रीकमधला ‘खारिस’ हा एकच शब्द दहा वेळा येतो : देवाची कृपा, माणसाने दिलेले दान आणि देवाचे मानलेले आभार, या तिन्ही अर्थांनी. कृपा पुढे, तिच्या मागोमाग दान, आणि दानातून पुन्हा आभार, हा क्रम त्या एका शब्दातच बसलेला आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नये.

## तयारी : वही, जमाखर्च आणि तीन जुन्या बाबी

एक साधी वही, मागच्या तीन महिन्यांचा जमाखर्च आणि घरातील मिळवत्या सर्वांनी एकत्र बसण्यासाठी काढलेला एक तास, एवढे साहित्य पुरते. मोबाइलवर टिपले तरी चालेल, पण हाताने लिहिलेली पाने मागे उलटून पाहिली जातात, असा माझा अनुभव आहे. जमाखर्च मात्र अंदाजाने सांगू नये. जो अंदाजाने बोलतो तो उत्साहात असेल तर झेपणार नाही एवढे कबूल करतो आणि धास्तावलेला असेल तर शक्य असूनही हात आखडतो.

त्यानंतर तीन बाबी तपासाव्यात, कारण त्या तशाच ठेवून केलेले दान आतून पोकळ राहते.

पहिली बाब भांडणाची. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी आलेल्या माणसाला आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. त्याला सांगितले आहे की दान तेथेच ठेव, आधी समेट कर आणि मग परत येऊन ते अर्पण कर. दान रद्द होत नाही, फक्त थांबते. जी क्षमा तोंडाने मागायला हवी तिच्या बदल्यात जाड पाकीट टाकण्याची सवय पुष्कळांना असते. ती या वचनापुढे टिकत नाही.

दुसरी बाब बुडवलेल्या पैशाची. येशूला भेटलेल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराचे बोलणे नीट वाचावे (लूक १९:८). अर्धे द्रव्य दरिद्र्यांना, हे एक वाक्य. आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत, हे दुसरे. दान आणि परतफेड त्याने एकाच खात्यात टाकलेली नाहीत. थकवलेली मजुरी (याकोब ५:४), उसने घेऊन विसरलेले पैसे, वाटणीत दाबून ठेवलेला हिस्सा हे सर्व आधी ज्याचे त्याला द्यावे. त्याला औदार्य म्हणू नये.

तिसरी बाब घरच्या माणसांची. मार्क ७:९-१३ मध्ये येशूने ‘कुर्बान’ या पळवाटेवर बोट ठेवले आहे : आईवडिलांना ज्याचा उपयोग झाला असता ते देवाला वाहिले आहे असे म्हणायचे आणि त्यांच्या जबाबदारीतून मोकळे व्हायचे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:८) तर स्वकीयांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास नाकारणारा म्हटले आहे.

इशारा : या तीन बाबी देणे लांबणीवर टाकण्याची सबब होऊ देऊ नयेत. प्रत्येकीपुढे तारीख घालावी. समेटाचा निरोप धाडला, परतफेडीचा पहिला हप्ता दिला, आईवडिलांचा खर्च ठरला, एवढे झाले की पहिला टप्पा सुरू करता येतो.

## टप्पा १ : उपकार नेमके लिहून काढा

सात दिवस, रोज रात्री, तीन ओळी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असाव्यात : काय मिळाले, कोणाच्या हातून मिळाले, आणि ते मिळाले नसते तर काय झाले असते. तिसरा भाग लिहायला जड जातो, म्हणून लोक तो गाळतात. पण ओळीला वजन येते ते त्याच्यामुळेच.

माझ्या पहिल्या वहीत कित्येक दिवस ‘आरोग्य, कुटुंब, काम’ हेच तीन शब्द आहेत, हजेरीपटावर खूण करावी तसे. मग वडील रुग्णालयात असतानाच्या एका रात्री मी लिहिले : ‘वॉर्डातल्या मावशींनी बाबांना रात्री दोनदा उठून पाणी पाजले. मला जाग आली नाही. त्या नसत्या तर बाबा तहानलेले पडून राहिले असते. त्यांचे नाव विचारायचे राहिले.’ ‘आरोग्याबद्दल आभार’ असे लिहून मी कधी उठून कोठे गेलो नव्हतो. ही ओळ लिहिल्यावर मात्र सकाळी पहिले काम कोणते करायचे ते सांगावे लागले नाही.

नेमके बोलण्याची ही रीत शास्त्रातलीच आहे. अनुवाद या बायबलमधील पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात प्रथमउपजाची, म्हणजे पिकाच्या पहिल्या फळांची, टोपली घेऊन आलेला शेतकरी नुसता ‘धन्यवाद’ म्हणत नाही. पूर्वज भटका होता, मिसरात गेला, तेथे छळ झाला, आम्ही आरोळी मारली, परमेश्वराने ऐकले, बाहेर काढले, हा देश दिला, असे एकेक प्रसंग तो मोजून सांगतो आणि मग ‘ज्या भूमीचे उत्पन्न तू मला दिलेस त्याचा हा प्रथमउपज’ म्हणून टोपलीकडे येतो. स्तोत्र १३६ ची घडणही अशीच आहे : २६ ओव्या, प्रत्येकीच्या पूर्वार्धात देवाचे एक वर्णन किंवा कृत्य आणि उत्तरार्धात त्याच्या सनातन दयेचे पालुपद. ज्यांना कोठून सुरुवात करावी हे सुचत नाही त्यांनी आपल्या ओळी पूर्वार्धाच्या जागी ठेवून ते पालुपद स्वतः म्हणावे.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका अनेक आहेत आणि पुढचे बरेचसे बिघडते ते येथूनच, म्हणून त्या विस्ताराने सांगतो.

तुलनेची चूक सर्वांत सोज्वळ दिसते. परूश्याची, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाची, प्रार्थना (लूक १८:११) ‘मी तुझे आभार मानतो’ अशीच सुरू होते आणि लगेच ‘इतर माणसांसारखा मी नाही’ इकडे वळते. कसोटी सोपी आहे : ओळीतून दुसऱ्या माणसाला काढून टाकावे आणि काय उरते ते पाहावे. ‘शेजारच्यांची नोकरी गेली, माझी टिकली’ यातून शेजारी वगळला तर ‘माझे काम चालू आहे’ एवढे उरते. मग तेवढेच लिहावे, आणि शेजाऱ्याचे नाव मदतीच्या यादीत घालावे.

दुसरी चूक स्वतःचीच पाठ थोपटण्याची. ‘मेहनतीने बढती मिळवली’ ही ओळ खोटी नसेल, पण तिच्यात देणारा कोणी नाही. खाऊन तृप्त झालेला, चांगली घरे बांधून राहिलेला माणूस ‘हे माझ्याच बाहुबलाने मिळवले’ असे मनात म्हणेल, याविषयीची ताकीद अनुवादाच्या ८ व्या अध्यायात आहे, आणि लगेच पुढच्या वचनात मिळवण्याचे सामर्थ्यही दिलेलेच आहे असे म्हटले आहे. मेहनत खोडू नये. ती करण्याची ताकद, शिकवणारा माणूस, मिळालेली संधी यांपैकी एक तरी तिच्या शेजारी लिहावे.

तिसरी चूक दुःखालाच उपकार म्हणण्याची. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील आज्ञा (५:१८) ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करण्याची आहे. त्याचा अर्थ मृत्यू, आजार आणि अन्याय यांना गोड नावे द्यावीत असा होत नाही. स्तोत्र १३ ‘किती वेळ?’ या प्रश्नाने सुरू होते, तो प्रश्न पुन:पुन्हा विचारते आणि गायनापर्यंत पोहोचते ते अगदी शेवटच्या ओवीत. म्हणून वहीच्या मागच्या बाजूला विलापाचे एक पान ठेवावे आणि तक्रार तेथे मोकळेपणाने लिहावी. आभार आणि आक्रोश एकाच वहीत राहू शकतात. एकाने दुसऱ्याला झाकू नये.

इशारा : ही वही शोकात असलेल्या दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नये. ‘तुम्हीही तीन गोष्टी लिहा’ हा सल्ला अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात निव्वळ क्रूर आहे.

तपासणी : सातव्या रात्री सगळ्या ओळी मोठ्याने वाचाव्यात. जी ओळ कोणत्याही घराच्या वहीत जशीच्या तशी शोभेल ती अजून मोघम आहे. एकवीसपैकी निम्म्या ओळी अशा निघाल्या तर आणखी तीन दिवस लिहावे.

## टप्पा २ : लिहिलेले तोंडाने बोला

येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांच्या प्रसंगात (लूक १७:११-१९) परत न आलेले नऊ जण अवज्ञा करणारे नव्हते. त्यांना याजकांकडे जाण्यास सांगितले होते आणि ते गेले. एक शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला, मात्र वाटेतून मागे फिरला, मोठ्याने देवाचा गौरव करत येशूच्या पायांशी आला. सांगितलेले काम चोख करूनही आभार राहून जाऊ शकतात, ही त्या नऊ जणांची गोष्ट आहे, आणि मंडळीत नियमित येणाऱ्या आपल्यासारख्यांना तीच अधिक लागू पडते.

देवापुढे बोलणे सोपे आहे : वही समोर ठेवून कुटुंबाच्या प्रार्थनेत ओळी वाचाव्यात, लहान मुलांनाही एकेक वाचू द्यावी. माणसांपुढे बोलणे अवघड जाते. ज्या ज्या ओळीत एखाद्या माणसाचा हात आहे त्याला त्याच आठवड्यात भेटावे, फोन करावा किंवा चिठ्ठी लिहावी. त्यासाठी पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील ४:१०-१८ हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा. पौल तेथे दान घेऊन येणाऱ्या एपफ्रदीताचे नाव घेतो, थेस्सलनीकात असताना एकदा नव्हे तर दोनदा त्यांनी मदत पाठवली होती हे आठवून सांगतो, आणि आपल्याला आणखी देणगी हवी म्हणून आपण हे लिहीत नाही असे स्पष्ट करतो.

शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक आभारपत्रे घसरतात. पहिल्या परिच्छेदात आभार आणि शेवटच्या परिच्छेदात नवी मागणी असली की वाचणाऱ्याला पहिला परिच्छेद प्रस्तावना वाटतो. मागणी करायचीच असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रात करावी.

## टप्पा ३ : वाटा ठरवा, रक्कम नव्हे

प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खिन्न होऊन किंवा भाग पडते म्हणून नव्हे, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (९:७) आहे. ‘संतोषाने देणारा’ हे शब्द सर्वांना पाठ असतात. ‘ठरवल्याप्रमाणे’ हा शब्द मात्र निसटतो. ठरवणे म्हणजे बसून, आकडे समोर घेऊन, घरातल्यांना विचारून निर्णय करणे.

रक्कम ठरवली तर ती वर्षानुवर्षे तीच राहते आणि उत्पन्न पुढे निघून जाते. उत्पन्न घटले तर तीच रक्कम गळ्याशी येते. वाटा ठरवला की तो दोन्हीकडे आपोआप सरकतो. आता वाटा केवढा? जुन्या करारात दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे, नियम एकाहून अधिक ठिकाणी आहेत : उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी कुळासाठी (गणना १८), परमेश्वरापुढे कुटुंबाने आनंदाने खाण्यासाठी (अनुवाद १४:२२-२७), आणि दर तिसऱ्या वर्षी परका, अनाथ व विधवा यांच्यासाठीही (अनुवाद १४:२८-२९). नव्या करारात पौल आकडा घालून देत नाही. ज्याला जसे यश मिळाले असेल त्या मानाने (१ करिंथ १६:२) आणि जवळ नाही त्या मानाने नव्हे तर आहे त्या मानाने (२ करिंथ ८:१२), एवढेच तो म्हणतो. निरनिराळ्या मंडळ्या याविषयी निरनिराळे शिकवतात, आणि ज्याने त्याने आपल्या मंडळीचे शिक्षण विचारात घ्यावे. माझे मत असे की दशमांश ही मोजपट्टी म्हणून चांगली आहे, पण सुखवस्तू माणसाने तिला छत समजू नये आणि ज्याच्या घरी चूल कशीबशी पेटते त्याच्यावर ती उंबरठा म्हणून लादू नये. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश देऊन न्याय, दया व विश्वास सोडणाऱ्यांना येशूने काय सुनावले ते मत्तय २३:२३ मध्ये आहे.

दशमांश कर कापण्यापूर्वीच्या उत्पन्नावर की नंतरच्या, हा वाद मी अनेक बैठकांत ऐकला आहे. एकदा काय ते ठरवावे, वहीत लिहावे आणि दर महिन्याला तो विषय उकरून काढू नये.

हिशेब असा मांडावा. तीन महिन्यांच्या सरासरी उत्पन्नाचे १०० भाग धरा. समजा, घरखर्च व आईवडिलांची तरतूद मिळून ७० भाग जातात आणि कर्जाच्या हप्त्याला १५. उरले १५. यातून १० भाग दिले तर अडीअडचणीला ५ राहतात, आणि पहिल्याच आजारपणात दान बंद पडते. अशा घराने ६ भागांपासून सुरुवात करावी, ९ बाजूला राहू द्यावेत आणि हप्ता फिटला की वाटा १० वर न्यावा. पुढे तो तेथेच अडकू नये म्हणून वाढवण्याची तारीख आताच लिहून ठेवावी. निवडलेला वाटा थोडा जाणवला पाहिजे. जो जाणवतच नाही तो उरल्यासुरल्यातला आहे. उलट, ज्यामुळे हप्ता चुकतो तो वाटा तुमचा नाही, सावकाराचा आहे.

इशारा : कर्ज काढून देऊ नये. मासेदोनियातील मंडळ्यांनी अत्यंत दारिद्र्यात शक्तीपलीकडे दिले (२ करिंथ ८:१-५) हे खरे, पण त्यांनी ते आपण होऊन दिले आणि देऊ द्या अशी विनंती केली. हा दाखला देणाऱ्याने स्वतःला सांगण्याचा आहे, मागणाऱ्याने गरिबाला सांगण्याचा नव्हे. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणाऱ्या विधवेचेही तसेच : मार्क १२ मध्ये तिच्या गोष्टीच्या ऐन आधी, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे.

दुसरा इशारा : ‘इतके पेरा, इतक्या दिवसांत इतके पट कापा’ असे कोणी सांगू लागला तर पाकीट मिटावे. सढळ पेरणाराचे वचन (२ करिंथ ९:६) पुढे ९:११ पर्यंत वाचले की तेथे मिळणारी संपन्नता आणखी औदार्यासाठी आहे आणि तिचे फळ देवाची उपकारस्तुती हे आहे, असे दिसते. परताव्याची मुदत तेथे कोठेही नाही.

## टप्पा ४ : मिळताच बाजूला काढा

१ करिंथ १६:२ या एका वचनात कामाची सगळी पद्धत आली आहे : आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ठरलेल्या वेळी, प्रत्येकाने, म्हणजे घरातील एकानेच नव्हे, आपल्याजवळ जमवून ठेवावे, म्हणजे पौल आल्यावर वर्गणी गोळा करण्याची धावपळ नको. ज्यांना महिन्याला उत्पन्न मिळते त्यांनी ते हाती पडते त्याच दिवशी, इतर कोणत्याही खर्चाआधी, ठरलेला वाटा वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाकावा. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हणणाऱ्याच्या हाती महिनाअखेरीस काय उरते हे सांगायला नको.

या डब्यातून हातउसने घेण्याचा मोह होतोच. घ्यावेच लागले तर रक्कम व तारीख लिहिलेली चिठ्ठी डब्यात टाकावी. तीन चिठ्ठ्या जमल्या की टप्पा ३ मधला वाटा चुकला आहे असे समजून तो पुन्हा मांडावा.

वाट्यातला थोडा भाग ‘शेताचा कोपरा’ म्हणून निराळा ठेवावा. लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कडा पुरत्या कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्या असे सांगितले आहे. परदेशातून आलेली गरीब विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती याच नियमावर. या कोपऱ्याचा हेतू आधी ठरवायचा नसतो. अचानक दाराशी आलेल्या गरजेला ‘आमचे यंदाचे देऊन झाले’ असे म्हणावे लागू नये, एवढ्यासाठी तो असतो.

## टप्पा ५ : कोणाला आणि कोणामार्फत

मंडळीचे काम व सेवक, जवळची गरजू माणसे, आणि आपण कधी न पाहिलेली दूरची माणसे, अशा तीन दिशांना वाटा गेलेला बरा. अंत्युखियाच्या शिष्यांनी दुष्काळाची वार्ता ऐकून यहूदीयातील बंधूंसाठी ऐपतीप्रमाणे मदत पाठवली ती तिसऱ्या दिशेची (प्रे. कृत्ये ११:२७-३०). प्रमाण ज्याचे त्याने ठरवावे. एकच दिशा वर्षभर कोरडी राहिली तर मात्र वहीत टिपावे.

संस्थेमार्फत देताना पावती मागावी आणि हिशेब विचारावा. असे विचारणे अविश्वासाचे वाटते म्हणून भाविक माणसे गप्प बसतात. पौलाने मात्र ही वर्गणी एकट्याच्या हाती ठेवली नाही. त्याचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला एक बंधू होता, आणखीही एक होता, आणि त्याचे कारण त्याने उघड लिहिले की या मोठ्या रकमेविषयी कोणी दोष काढू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे मान्य ते आम्ही करतो (२ करिंथ ८:२०-२१). मोजणीच्या टेबलावर नेहमी दोघे असावेत, आणि ते एकाच घरातले नसावेत. आमच्याकडे एकदा बेरजेत फरक निघाला तेव्हा दोघांच्या सह्या होत्या म्हणून संशय कोणा एकावर गेला नाही. शेवटी चूक निघाली ती सातचा आकडा एक असा वाचल्याची.

माणसाला थेट देताना आधी काय हवे ते विचारावे. ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे नुसते बोलून शरीराला लागते ते न देण्याचा दोष याकोब (२:१५-१६) दाखवतो. त्याचे उलटे टोक म्हणजे आपल्याला नको असलेले गळ्यात मारणे. तुटक्या चेनच्या पिशव्या आणि विटलेले कपडे गाठोड्यात बांधण्यापूर्वी मलाखी १:८ मधला प्रश्न स्वतःला विचारावा : लंगडे, रोगी जनावर आपल्या अधिकाऱ्याला नेऊन दे, तो ते घेईल काय?

## टप्पा ६ : देताना

डाव्या हाताला कळू नये, ही मत्तय ६:३ मधली सूचना शक्य तितकी शब्दशः पाळावी. छायाचित्र काढू नये, घेणाऱ्याला चारचौघांत उभे करू नये, शक्य असेल तेथे तिसऱ्या माणसाच्या हातून द्यावे. मंडळीच्या पावतीपुस्तकात नाव लागले तर मात्र गुप्तता मोडत नाही. ते दप्तर आहे, फलक नव्हे.

जमीन विकून आलेल्या पैशांतले काही मागे ठेवणाऱ्या हनन्या व सप्पीरा या दांपत्याने कमी दिले म्हणून त्यांच्यावर दोष आला असे अनेकांना वाटते. पेत्राने स्पष्ट म्हटले की जमीन होती तोवर ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच स्वाधीन होते (प्रे. कृत्ये ५:४). दोष खोटे बोलण्याचा होता. म्हणून थोडे द्यावे, पण ‘होते नव्हते ते दिले’ असे म्हणू नये.

पैशाबाहेरचे देणेही येथेच येते : आजाऱ्याजवळ बसणे, कागदपत्रे भरून देणे, परतफेड करू न शकणाऱ्यांना पंगतीला बोलावणे (लूक १४:१२-१४). त्याचीही वेळ आधी ठरवावी. ‘कधीही हाक मारा’ म्हणणाऱ्याला सहसा कोणी हाक मारत नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी येतो’ म्हणणारा उपयोगी पडतो.

## टप्पा ७ : दिल्यानंतर

त्या रात्री वहीत रक्कम लिहू नये. ती जमाखर्चात असतेच. देता आले याबद्दलची एक ओळ लिहावी. मंदिरासाठी लोकांनी भरभरून दिल्यावर दावीद राजा देवाला म्हणाला की आम्ही असे स्वेच्छेने देऊ शकावे असे आम्ही कोण, सर्व तुझ्यापासून आहे आणि तुझ्याच हातचे तुला दिले (१ इतिहास २९:१४). देणाऱ्याने देवाचे आभार मानावेत, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटते.

नंतर दोरी हातात धरून ठेवू नये. संस्थेचा हिशेब विचारावा. पण एखाद्या घराला दिलेले पैसे त्यांनी कशावर खर्च केले याची चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करू नये. आभार आले नाहीत तर दहापैकी नऊ जण परतले नव्हते हे आठवावे, आणि त्यांना मिळालेले शुद्धत्व काढून घेतल्याचे कोठे लिहिलेले नाही हेही.

## घेण्याची पाळी आली तर

देण्यात पटाईत असलेली माणसे घेताना फार चुकतात. ‘नको नको’ म्हणत परत पाठवतात, किंवा घेतले तर दुसऱ्याच दिवशी तेवढ्याच किमतीची वस्तू नेऊन देतात आणि दानाचा व्यवहार करून टाकतात. आज तुमची विपुलता त्यांची गरज भागवील आणि पुढे त्यांची तुमची, असे ‘समते’चे गणित पौलाने मांडले आहे (२ करिंथ ८:१३-१५); त्यात दोन्ही बाजू कधी ना कधी घेणाऱ्या आहेत. गरज स्पष्ट सांगावी, मिळाले ते घ्यावे, टप्पा २ प्रमाणे आभार मानावेत. आईवडिलांनी मदत घेतलेली मुलांपासून लपवू नये.

## सहा महिन्यांनी करायची तपासणी

वही पहिल्या पानापासून वाचावी आणि प्रत्येक नावापुढे खूण करावी : आभार पोहोचले, किंवा राहिले. डब्यातील चिठ्ठ्या मोजाव्यात, वाटा वाढवण्याची तारीख उलटून गेली का ते पाहावे, तयारीच्या वेळी तारखा घातलेल्या तीन बाबींपैकी एखादी अजून उघडी असेल तर नव्या उपकारांची यादी सुरू करण्याआधी ती हाती घ्यावी. विलापाचे पानही वाचावे. तेथील काही प्रश्न सुटलेले असतात आणि त्यांच्या ओळी पुढच्या भागात जातात. जे सुटलेले नाहीत ते नव्या वहीच्या मागच्या पानावर, त्याच शब्दांत, पुन्हा उतरवून घ्यावेत.